'लांब', 'दूर' आणि 'भर' : रायपूरच्या मराठीतील अंतर व अवधी

इंग्रजीतील 'लाँग' हे विशेषण मराठीत आणताना अनुवादकाला नेहमी एक साधी अडचण येते. 'हाऊ लाँग' या एकाच प्रश्नाने इंग्रजीत दोरीची लांबी विचारता येते आणि सभेचा कालावधीही. मराठीला त्यासाठी 'किती लांब?' आणि 'किती वेळ?' असे दोन वेगळे प्रश्न करावे लागतात. याउलट, 'स्टेशन लांब आहे' हे मराठी वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले तर स्टेशनाच्या इमारतीचीच लांबी सांगितल्यासारखे होते. अंतरासाठी इंग्रजीजवळ निराळा शब्द आहे. लांबी, अंतर आणि अवधी ही तीन अर्थक्षेत्रे दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांची वाटणी सारखी नाही. इंग्रजीने लांबी आणि अवधी यांना एका शब्दात बसवले. मराठीच्या 'लांब'ने लांबी आणि अंतर यांना.

या वाटणीचा इतिहास अभ्यासण्यास रायपूर हे सोयीचे स्थळ आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपुरास पोहोचल्या. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर ब्रिटिश अधीक्षक आले आणि मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलले. अधीक्षक ॲग्न्यू यांनी १८२० मध्ये या सुभ्याचा अहवाल सिद्ध केला. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूर राज्यासह खालसा झाला. या उलथापालथीत कोस, मजल, घटका आणि प्रहर यांची भाषा मैल, फर्लांग आणि मिनिट यांच्या भाषेसमोर उभी राहिली.

या भेटीचे वर्णन 'अदमास विरुद्ध अचूकपणा' असे करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. कोसाचे मूळ 'क्रोश', म्हणजे हाक. मैलाचे मूळ लॅटिनमधील हजार पावले. फर्लांग तर नांगराच्या एका तासाची, म्हणजे सरीची, लांबी. दोन्हीकडची मापे माणसाच्या आवाजातून, पावलांतून आणि श्रमांतून आलेली आहेत. फरक मुळात नसून राजसत्तेच्या हस्तक्षेपात आहे. इंग्लंडमध्ये १५९३ च्या कायद्याने मैल आठ फर्लांगांचा ठरला. कोस मात्र ढोबळमानाने दोन मैलांचा मानला गेला तरी प्रदेशागणिक बदलत राहिला. रायपूरच्या बाबतीत हा हस्तक्षेप आगगाडीने दृढ केला. नागपूर–छत्तीसगड हा मीटरमापी लोहमार्ग १८८० च्या दशकात टाकण्यात आला आणि पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीकडे गेला. रेल्वेचे घड्याळ त्या काळी मद्रासच्या वेळेवर चाले. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. पुढे १९५६ च्या कायद्याने मैलाचीही गच्छंती होऊन किलोमीटर आला.

मापे अशी दोनदा बदलली. बोलण्याची घडण मात्र बदलली नाही. किलोमीटरच्या काळातही घर 'हाकेच्या अंतरावर' असते आणि पाहुणा 'घटकाभर' बसतो. यातील 'भर' विशेष लक्षणीय आहे. टोपलीभर, कोसभर, तासभर या तिन्ही शब्दांत भांडे, वाट आणि वेळ एकाच प्रत्ययाने मोजली जातात. इंग्रजी येथे विभागणी करते: टोपलीला 'फुल' लावते, पण तासाला आणि मैलाला 'लाँग'. मराठीतील या रचनेमागे एक भौतिक वास्तवही असावे. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेले, पाण्यावर तरंगणारे भांडे. ते चोवीस मिनिटांत भरून बुडते, की एक घटका झाली. घटका भरते, दिवस भरतात, वर्ष भरते. इंग्रजीत काळ लांब असतो. मराठीत तो भरतो. अर्थात यावरून दोन समाजांच्या काळविषयक तत्त्वज्ञानाचे सिद्धांत रचणे घाईचे ठरेल, कारण मराठीतही सभा लांबते आणि विवाह लांबणीवर पडतो. विशेषणाने न स्वीकारलेला काळ क्रियापदाने स्वीकारलेला आहे.

रायपुरात या दोन भाषांमध्ये तिसरी भाषा उभी आहे, ती हिंदी. हिंदीचा 'लंबा' इंग्रजीप्रमाणे लांबी आणि अवधी यांना चालतो. अंतराला 'दूर' लागतो. छत्तीसगढीतही दूरच्या ठिकाणासाठी 'दुरिहा' असतो. साहजिकच तेथील मराठी बोलण्यात 'घर लांब आहे' या जागी 'घर दूर आहे' रूढ होण्याकडे कल राहतो. 'गेली दहा वर्षे राहतो' या रचनेऐवजी 'दहा वर्षांपासून राहतो' ही हिंदीतील 'से'ला समांतर असलेली रचना पुढे सरकते. या बदलात एकही परका शब्द शिरलेला नाही. 'दूर' मराठी आहे आणि 'पासून'ही मराठीच. म्हणून शुद्धतेच्या चर्चेत हा बदल पकडलाच जात नाही. येथे शब्द उसना घेतलेला नसून जुन्या शब्दाचे क्षेत्र आकसलेले असते. 'भर' मात्र सुरक्षित राहतो, कारण तो हिंदीतही आहे.

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांच्या लेखनातून याची दुसरी बाजू दिसते. मराठी कुटुंबातील सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. त्यांचे निधनही रायपुरातच झाले. त्यांची १९०१ मधील कथा 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदीच्या आरंभीच्या कथांत गणली जाते. जमीनदाराला विधवेची टोपलीभर माती उचलवत नाही, तेव्हा साऱ्या जमिनीचे ओझे त्याला कसे पेलणार, हा तिचा प्रश्न. कथेचा नैतिक भार एका मापावर उभा आहे आणि ते माप सांगणारा 'भर' मराठीतून हिंदीत जाताना तसूभरही बदलावा लागत नाही.

तुलनात्मक अभ्यासाला यातून एक सूचना मिळते. कोसाचे मैल आणि मैलाचे किलोमीटर करणे हा गणिताचा भाग आहे; त्यात काही हरवले तर ते कोष्टकाने परत मिळते. अर्थक्षेत्रांची वाटणी बदलली तर ती परत मिळवून देणारे कोष्टक नाही. दोन भाषांत जे समान असते ते सहवासात टिकते. जे एकीचेच असते ते कोणाच्या लक्षात न येता मागे पडते. रायपूरच्या मराठीचा इतिहास लिहिताना म्हणूनच तिने काय घेतले याच्या यादीबरोबर, तिने काय बोलणे सोडले याचीही नोंद केली पाहिजे. 'घर लांब आहे' हे वाक्य त्या नोंदीत सर्वांत आधी यावे.