लेसर प्रकाशमापन, विद्राव व वायू यांचे

रंजकांचे विद्राव आणि वायू यांचे प्रकाशशोषण, प्रणमनांक, अनुस्फुरण इ. गुणधर्म लेसर शलाकेच्या साहाय्याने मोजण्याची पद्धती.

इतिहास : माध्यमातून जाताना प्रकाश किती क्षीण होतो, याचा नियम प्येअर बूगेअर (१७२९) व योहान लँबर्ट (१७६०) यांनी मांडला. आउगुस्ट बेअर यांनी १८५२ मध्ये तो विद्रावाच्या संहतीशी जोडला. या पद्धतीत आत गेलेला व बाहेर आलेला प्रकाश यांतील फरक मोजतात. त्यामुळे शोषण अत्यल्प असल्यास दोन मोठ्या, जवळजवळ समान राशींतील फरक काढावा लागतो व त्रुटी वाढते.

१९६० मध्ये हीलियम-निऑन लेसर तयार झाला. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लेसरच्या पोकळीत द्रव ठेवला असता शलाका मंदगतीने बदलते, असे आढळले. शलाकेच्या अक्षावर द्रव अधिक तापतो, तेथील प्रणमनांक घटतो व द्रव अपसारी भिंगाप्रमाणे वागतो, असे याचे स्पष्टीकरण १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. मापनात व्यत्यय आणणारा हा परिणामच पुढे मापनाचे साधन ठरला. शलाका किती पसरली यावरून शोषलेली ऊर्जा थेट कळते. ऱ्होडामीन ६जी या रंजकाच्या एथेनॉलमधील विरल विद्रावात दर १०० शोषित प्रकाशकणांमागे सु. ९५ पुन्हा उत्सर्जित होतात. उरलेली ऊर्जा उष्णतारूपाने प्रकट होत असल्याने ती मोजून हे प्रमाण ठरविता येते.

वायू : वायूंचा प्रणमनांक व्यतिकरणाने मोजतात. मायकेलसन व्यतिकरणमापकातील १० सेंमी. लांबीच्या निर्वात नळीत सु. २०° से. तापमानाची हवा वातावरणीय दाबापर्यंत भरली, तर ०·६३२८ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे सु. ८५ पट्टे सरकतात. शोषणासाठी प्रकाशध्वनिक पद्धती वापरतात. तिचे मूळ अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या १८८० च्या शोधात आहे. खंडित प्रकाशाने वायू तापतो व निवतो, त्यामुळे दाब कमीजास्त होऊन ध्वनी उमटतो. लॉइड क्रॉइझर यांनी १९७१ मध्ये लेसर वापरून नायट्रोजनातील मिथेनाचा लेश या रीतीने ओळखता येतो, असे दाखविले.

महाराष्ट्रातील कार्य : तुर्भे (मुंबई) येथील अणुऊर्जा प्रतिष्ठानात (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) १९६४ मध्ये गॅलियम आर्सेनाइडाचा अर्धसंवाहक लेसर तयार करण्यात आला. पुढे या केंद्रात तांब्याच्या बाष्पाच्या लेसरने उद्दीपित होणारे रंजक लेसर विकसित झाले. अशा लेसरात विद्रावच प्रकाशाचा उगम असतो. विद्राव तापल्यास शलाका विकृत होते आणि सततच्या उद्दीपनाने रंजकाचे अपघटन होते. म्हणून विद्राव वेगाने वाहता ठेवावा लागतो व त्याचे शोषण, अनुस्फुरण आणि तापमानानुसार बदलणारा प्रणमनांक अचूक माहीत असावा लागतो. येथे मापनाचा विषय आणि मापनाचे साधन एकच होते.