सांगाड्यातला खलनायक

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने ‘स्टार वॉर्स’चे संच 1999 मध्ये बाजारात आणले. त्यातला खलनायक डार्थ व्हेडर 2002 मध्ये टेक्निक मालिकेत मोठ्या आकारात उतरला. पण दांडे आणि खुंट्यांनी जोडलेला तो पुतळा अंगाने फारच पोकळ दिसे. पुढचा मार्ग लेगोच्याच बायोनिकल आणि हीरो फॅक्टरी या खेळण्यांनी दाखवला. हीरो फॅक्टरीत 2011 पासून नवी पद्धत आली: गोल टोकांची हाडे खोबणीत टचकन बसवायची आणि वर कवच चढवायचे.

याच पद्धतीने 2015 मध्ये व्हेडर (160 तुकडे) आणि ‘स्टार वॉर्स’मधलाच जनरल ग्रिव्हस (186 तुकडे) घडले. व्हेडरचे शिरस्त्राण देखणे, खांद्यावर कापडी झूल; मात्र झूल उचलली की मागचे सांधे उघडे पडतात. ग्रिव्हस मुळातच हाडकुळे यंत्र, त्यामुळे सांगाडा दिसणे हाच त्याचा साज. चार हातांत चार प्रकाशतलवारी घेतलेला हा सेनापती 2015 च्या त्या संचांत सरस ठरतो. 2018 नंतर हाडे-कवचाच्या या ‘स्टार वॉर्स’ मालिकेत नवे पात्र आले नाही.