सुलतान खान, मीर
(मृत्यू १९६६). अविभाजित पंजाबातील बुद्धिबळपटू. हात बसलेला देशी पद्धतीवर. तीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरके. १९२९ मध्ये आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्यासोबत ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते ठरले. पुढे १९३२ व १९३३ मध्येही. पुस्तकी तयारी नसल्याने डावाच्या आरंभी ते अडखळत; ही उणीव पुरती कधीच भरली नाही. मात्र मध्यडावातला चिवट बचाव, थंड डोके आणि अंतिम डावाची विलक्षण जाण यांच्या बळावर ते बाजी उलटवीत. हेस्टिंग्जच्या १९३०–३१ च्या स्पर्धेत त्यांनी खुद्द माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हळूहळू आवळत नेले, वजीर कोंडला आणि डाव जिंकला. मायदेशी परतल्यावर स्पर्धा सुटल्या. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने (फिडे) २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.