बॅटरीतला स्फटिक कुणाचा, कारखाना कुणाचा?

ई-रिक्षाची बॅटरी कुठली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘चायनाची.’ कारखान्यापुरतं ते बऱ्याचदा खरंही असतं. पण नव्या ई-रिक्षा, स्कूटर, बस यांच्यात सर्रास येणाऱ्या एलएफपी बॅटरीतला स्फटिक चीनमध्ये जन्मलेला नाही.

स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तीत बांधलेली चाळ. लिथियमचे आयन हे तिथले भाडेकरू. चार्जिंग करताना ते बाहेर पडतात, गाडी चालवताना परत येतात. खोल्या रिकाम्या झाल्या तरी चाळ ढासळता कामा नये, सगळी मेख इथे आहे.

१९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं, भाव भडकले. त्याच दशकात एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम सल्फाइडच्या थरांत लिथियम खेळवून दाखवलं. तेलाची टंचाई सरली आणि कंपनीने हे काम गुंडाळलं.

१९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि जपानहून आलेले कोइची मिझुशिमा यांनी सल्फाइडऐवजी कोबाल्ट ऑक्साइड वापरलं. व्होल्टेज जवळपास दुप्पट! पण विद्यापीठाला पेटंट घ्यावंसं वाटलं नाही. पुढे जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी त्यावर सुरक्षित बॅटरी बनवली आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. गुडइनफ यांना रॉयल्टी मिळाली नाही.

कोबाल्ट मात्र महाग. शिवाय चार्जिंग मर्यादेबाहेर गेलं की ही चाळ ढासळते, ऑक्सिजन सुटतो आणि आग भडकू शकते.

त्यावर उपाय निघाला अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठात. गुडइनफ यांच्यासोबत तिथे अरुमुगम मंथिरम होते, मूळचे तमिळनाडूचे. ऑक्साइडऐवजी सल्फेटसारखे गट वापरले तर स्वस्त लोखंडातूनही चांगलं व्होल्टेज मिळतं, हे त्यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं. १९९७ मध्ये त्याच गटातून लिथियम-लोह-फॉस्फेटचा, म्हणजेच एलएफपीचा शोधनिबंध आला. त्यावरची पहिली दोन नावं वाचा: पाढी आणि नंजुंडस्वामी. तिसरं गुडइनफ.

या स्फटिकाची रचना ऑलिव्हिनसारखी. ऑलिव्हिन हे आपल्या काळ्या पाषाणातही सापडणारं खनिज. फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, म्हणून आगीचा धोका कमी. कोबाल्ट नाही, निकेल नाही. वजनाच्या मानाने वीज थोडी कमी मावते, पण बस-रिक्षाला तेवढं चालतं. वीज नीट वाहत नव्हती, तर कणांवर कार्बनचा मुलामा देऊन तेही जमवलं.

२०१९ मध्ये व्हिटिंगहॅम, गुडइनफ, योशिनो यांना नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे. स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान दिलं ते मंथिरम यांनी. आपल्याला अभिमान वाटावा असाच तो क्षण.

पण अभिमानाने सेल बनत नाहीत. चीनने हेच रसायन उचललं, अनुदानं दिली, वर्षानुवर्षं कारखाने वाढवत नेले. आपल्याकडे सेल-निर्मितीसाठी १८,१०० कोटींची योजना मंजूर झाली २०२१ मध्ये, म्हणजे त्या शोधनिबंधानंतर २४ वर्षांनी! लक्ष्य होतं ५० गिगावॅट-तासांचं. सेल अजूनही मुख्यतः बाहेरूनच येतात. आपली एसटीची ‘शिवाई’ २०२२ पासून विजेवर धावतेय, चांगलंच आहे. पण डिझेलचं परावलंबन जाऊन सेलचं आलं, तर कमावलं काय?

एक्सॉनने तेल स्वस्त होताच काम सोडलं, ऑक्सफर्डने पेटंट सोडलं. चिकाटी ज्याने धरली, कारखाना त्याचा झाला. आता सोडियमच्या बॅटरीवर जगभर काम चाललंय आणि आपल्याही प्रयोगशाळा त्यात आहेत. तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार मत मागायला आला की रस्ता-गटारासोबत हेही विचारा: प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतचा रस्ता कधी बांधणार?