धुळीतील इलेक्ट्रॉनांचा हिशेब



बुलढाणे जिल्ह्याच्या रहिवाशास आकाशातून येणाऱ्या पाषाणाचा प्रताप निराळा सांगावयास नको. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे १९७३ साली खडकांच्या पुराव्याने सिद्ध झाले. परंतु जमिनीपर्यंत पोहोचणारा असा पाषाण विरळा. बहुतेक उल्का ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरच जळून जातात व त्यांची अतिसूक्ष्म धूळ तेथे तरंगत राहते.

त्याच उंचीवर सूर्यकिरणांमुळे वायूच्या कणांतून सुटलेले इलेक्ट्रॉन हिंडत असतात. अशा विद्युन्मय वायूला प्लाझ्मा हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले. त्याआधीच, १९२६ साली, त्यांनी व मॉट-स्मिथ यांनी इलेक्ट्रॉन मोजण्याची युक्ती सविस्तर मांडली होती. प्लाझ्मात धातूची बारीक तार ठेवावी, तिचा विद्युद्दाब बदलीत जावे आणि तिच्यातून किती प्रवाह येतो ते पाहावे, एवढीच ती युक्ती.

आपल्या देशातही ती उपयोगी पडली. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी ज्या स्थळाच्या निवडीत मोठा भाग घेतला, त्या केरळातील थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधनशाळेने तेथूनच ही तार रॉकेटांवर बसवून आयनांबरातील इलेक्ट्रॉन मोजले.

मात्र प्लाझ्मात धूळ शिरली की हिशेब बिघडतो. हलके, चपळ इलेक्ट्रॉन धूलिकणांना चिकटतात व मोकळ्यांची संख्या घटते. शिवाय तारेवरही धुळीचे पुट चढते, आणि मग तिची साक्ष कितपत खरी मानावी? म्हणून प्लाझ्माला स्पर्श न करणारी मोजणी हवी. जमिनीवरून रॉकेटाकडे सोडलेल्या रेडिओलहरीच्या कंपनाची पातळी वाटेतील इलेक्ट्रॉनांमुळे व पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे फिरते. रॉकेट चढत असता ती किती फिरली, यावरून प्रत्येक उंचीवरील घनता काढता येते.

१९७० साली पेडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर ध्रुवाकडील उन्हाळी आकाशात इलेक्ट्रॉन एकाएकी कमी झाल्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. ही घट धूलिकणांनी केली असावी, असा तर्क पुढे बळावला. १९९४ साली नॉर्वेतून उडालेल्या रॉकेटांवरील हाव्हनेस यांच्या उपकरणांत विद्युद्भारित कण प्रत्यक्ष सापडले. त्या थंडीत उल्काधुळीवर बर्फ धरून हे कण बनत असावेत, असे मानतात.

वहीत तूट दिसली म्हणजे चांगला कारकून आकडे खोडीत बसत नाही. रक्कम कोणाकडे गेली ते शोधतो. या शास्त्रज्ञांनी तेच केले.