लोहाचा उतारा

दर सोमवारी मी वर्गात लोहाची निळी गोळी वाटतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावतो. मुले हसतात. "गुरुजी, औषधाला कसले कुलूप?" त्या कुलपामागचा इतिहास त्यांना ठाऊक नाही.

लोह म्हणजे बळ, ही आपली समजूत खोटी नाही. गरोदर बाईला लोहाची गोळी हवीच. पण ती बहुधा साखरेच्या लेपाची, रंगीत. लेकराच्या डोळ्यांना तो खाऊच. अशा गोळ्यांनी मुलांना झालेल्या विषबाधेची हकीकत १९४७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेले, की ते जिवावर बेतू शकते. गोळीत लोह असते सुमारे ६० मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला १० गोळ्या पुरतात.

हे विष कपटी आहे. आधी उलट्या होतात, कधी रक्ताच्याही. मग काही तास मूल शांत होते. आईबापांना वाटते, संकट टळले. त्यानंतर नाडी बुडू लागते, यकृत निकामी होते. इतर विषांवर चालणारी कोळशाची पूडही लोहाला धरून ठेवत नाही.

उतारा सापडला तो भलत्याच शोधात. १९६० च्या सुमारास झुरिकचे तंत्रविद्यापीठ आणि बाझेलची सिबा कंपनी ह्यांचे संशोधक मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून जंतुनाशके शोधीत होते. 'स्ट्रेप्टोमायसीस पिलोसस' ह्या जीवाने त्यांना लोह घट्ट धरणारे एक द्रव्य दिले. त्यातले लोह काढून घेतले, की ते रिकाम्या हाताने दुसरे लोह धरायला मोकळे! हेच डेफेरॉक्सामिन. शिरेतून दिल्यावर लोह बांधून ते लघवीवाटे बाहेर नेते. लघवी लालसर होते. थॅलॅसेमियाच्या मुलांनाही ह्याच औषधाने आधार दिला.

मात्र १०० मिलिग्रॅम औषध जेमतेम ८.५ मिलिग्रॅम लोह बांधते. म्हणून गोळ्या आतड्यात आहेत तोवरच आतडे धुऊन काढणे आणि शिरेतून सलाईन देऊन रक्तदाब सावरणे ही कामे आधी. त्यासाठी मूल वेळेवर इस्पितळात पोचले पाहिजे, आणि घात होतो तो मधल्या शांत तासांतच.

१९९७ साली अमेरिकेने लोहाच्या गोळ्यांवर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे केले. पण दीड वर्षाच्या लेकराला वाचता कुठे येते? म्हणून मुलांना मी सांगतो: घरी आईच्या गोळ्या उंच फळीवर ठेवा. धाकट्याने गिळल्याच, तर तो खेळतो आहे म्हणून थांबू नका.