गिरणीतल्या मोटारी

कोल्हापूरकरांना जुन्या मोटारीचं कौतुक नवं नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात आली, की सोनं लुटायला जमलेली माणसं माना उंचावून तिच्याकडे बघतात. ती मोटार जर्मन. आज मात्र फ्रेंच बुगाटीबद्दल लिहिणार आहे, कारण तिच्या गोष्टीत एक गिरणी आहे, आणि गिरणी म्हटलं की मला आपली शाहू मिल आठवते.

एत्तोरे बुगाटी मूळचा मिलानचा. १९०९ साली त्याने आल्सास प्रांतात मोल्सहाइम गावी कारखाना काढला. आल्सास तेव्हा जर्मनीकडे होता, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. १९२०च्या दशकात या हलक्या, देखण्या गाड्यांनी शर्यती गाजवल्या. १९४७ साली एत्तोरे वारला, पुढे काही वर्षांत मोटारी बनणंही थांबलं आणि जुन्या बुगाटी दुर्मीळ झाल्या.

१९६४ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या जॉन शेक्सपिअर नावाच्या गृहस्थाने (नाटककाराशी संबंध नाही!) आपल्या ३० बुगाटी एकदम विकल्या. मालगाडीच्या उघड्या डब्यांवर चढून त्या निघाल्या आणि समुद्र ओलांडून पुन्हा आल्सासला पोचल्या. घेणारा फ्रिट्झ श्लुम्फ. तो आणि त्याचा भाऊ हान्स हे लोकरीच्या गिरण्यांचे मालक. म्युलुझ शहरातल्या एका गिरणीत त्यांनी ४००हून अधिक मोटारी जमवल्या, त्यांत १००च्या वर बुगाटी. पॅरिसच्या पुलावर असतात तसे शेकडो दिवे आत लावले. संग्रह आईच्या स्मृतीला वाहिला. पण दरवाजे लोकांसाठी कधी उघडले नाहीत.

मग लोकरीच्या धंद्याला उतरती कळा लागली. गिरण्या बुडाल्या, भाऊ स्वित्झर्लंडला गेले. मार्च १९७७मध्ये काम गेलेले कामगार त्या इमारतीत शिरले आणि समोरचं वैभव बघतच राहिले. त्यांनी जागा ताब्यात घेतली, तिला ‘कामगारांचा कारखाना’ असं नाव दिलं आणि दारं सगळ्यांना खुली केली. हा ताबा दोन वर्षं टिकला. १९७८ साली सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला, म्हणून तो फुटकळ विकला गेला नाही. १९८२ साली तिथे रीतसर संग्रहालय सुरू झालं.

मंडळी, १९८२ म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? १८ जानेवारीला मुंबईत सुरू झालेला गिरणी संप. त्यातल्या कित्येक गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली आपली मिलही २००३ साली बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं मी पाहिली आहेत. माझ्या वर्गात मिलमधल्या कामगारांची मुलं असायची.

म्युलुझच्या मोटारींचं साल, इंजिन अशा गोष्टींची नोंद आहे. दुर्मीळ मोटारीची किंमत अशा नोंदींवरही ठरते. ज्यांच्या श्रमावर त्या विकत घेतल्या गेल्या, त्या कामगारांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. फ्रेंचांचं फ्रेंच बघतील. आपल्या घरात, गल्लीत शाहू मिलमध्ये राबलेलं कुणी असेल, तर त्यांच्यापाशी बसा. कुठल्या खात्यात होते, पाळी कोणती, पहिला पगार किती, विचारा आणि लिहून ठेवा. मला कळवलंत तर मीही इथे लिहीन.